पानाच्या मागची तीन गाणी

एनिडबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख लागली, तेव्हा टॅलोवनच्या युकुलेले मंडळात गुडघ्याची चौकशी कुणीच केली नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, मग गाणी कोण निवडणार?

वरवर पाहता यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. दर मंगळवारी सकाळी दहाला, हिरवळीवर चेंडू घरंगळवत खेळायच्या बोल्स क्लबाच्या मागच्या खोलीत एनिडबाई आणि आणखी चौदा माणसं जमायची, चार तारांचं ते इवलंसं वाद्य पोटाशी धरायची, दीड तास वाजवायची आणि मग चहा प्यायची. साठीच्या आतलं त्यात कुणी नाही, आणि वाजवण्यात कुणी कुणाच्या फार पुढे नाही. सहा वर्षांत मंडळाचा जाहीर कार्यक्रम एकदाही झाला नव्हता आणि गावानेही तसा आग्रह धरला नव्हता. एकूण सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं, कारण गाणी एनिडबाई निवडत होत्या. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या उभ्या राहून फाईलमधली बारा नावं वाचायच्या आणि बाकीचे मुकाट्याने ती ती पानं काढायचे. नापसंती दाखवायची पद्धत नव्हती आणि कुणाची तशी छातीही नव्हती.

"बारा गाणी निवडायला लागतं काय?" असं मर्व ट्रँटर म्हणाला. मर्व पाणी खात्यात मीटर वाचून निवृत्त झालेला. सदतीस वर्षं लोकांच्या कुंपणाआड वाकून आकडे टिपल्यामुळे आकडे नीट मांडले की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो, अशी त्याची ठाम समजूत झाली होती. हे वाक्य तो मनातल्या मनात म्हणाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो ते चहाच्या वेळी, तोंडात मंडळातल्या डॉटने केलेला स्पंज केक असताना, एनिडबाईंच्या अगदी पाठीमागे उभा राहून म्हणाला.

बाई सावकाश वळल्या. "काहीच लागत नाही ना? मग तूच निवड," त्या म्हणाल्या, आणि दोन महिन्यांसाठी फाईल त्याच्या हातात दिली.

मर्वने चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला. पण आतून त्याला उकळ्या फुटत होत्या, आणि त्याचं कारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं निव्वळ खुळेपणाचं वाटेल. मर्वचं एक गाणं होतं. त्याचे वडील सुतार. खेड्यापाड्यांतले लाकडी पूल बांधायचे आणि दुरुस्त करायचे. गावाजवळच्या वरांगा नदीवरचा पूल बांधताना त्यांनी ते रचलं होतं. अकरा कडवी. पहिल्या कडव्यात पूल बांधतात, पूर येतो, पूल जातो. दुसऱ्या कडव्यात पुन्हा बांधतात, पुन्हा पूर, पुन्हा पूल जातो. तिसऱ्यात काय होतं हे सांगायला नकोच. हे गाणं मर्वने स्वतःच्या लग्नात म्हटलं होतं. नवरीच्या मावशीने तेव्हा हळूच विचारलं होतं की या घरात हे शुभ मानतात का. तर हे गाणं एकदा, फक्त एकदा, सगळ्या मंडळाने मिळून वाजवावं, एवढीच मर्वची इच्छा होती. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांचा तो पूलही जाऊन आता तिथे सिमेंटचा आला होता. गाणं तेवढं उरलं होतं, आणि तेही एकट्या मर्वच्या तोंडात. आपल्यामागे ते संपणार, ही गोष्ट त्याला अलीकडे फार लागायची.

सहा वर्षं तो दर दोन-तीन महिन्यांनी एनिडबाईंपाशी विषय काढायचा आणि त्या दर वेळी एकच सांगायच्या, की ते एका पानात बसत नाही. हा मंडळाचा मूळ नियम. डावा हात तारा दाबण्यात गुंतलेला, उजवा छेडण्यात, मग पान उलटायचं कुणी? म्हणून गाणं एका बाजूला मावलं तरच फाईलमध्ये यायचं. मावत नसेल तर अक्षर बारीक करायचं, अक्षर दिसेना झालं तर चष्मा बदलायचा. पण पान उलटायचं नाही. सहा वर्षांत त्या खोलीत कुणी पान उलटलेलं नव्हतं.

आता फाईलच मर्वच्या हातात आली होती. त्याने त्याच संध्याकाळी युक्ती काढली. कागदावर फक्त धृपद आणि कॉर्ड, म्हणजे कुठल्या तारा एकत्र दाबायच्या त्या खुणा. कडवी आपण एकट्याने म्हणायची. कॉर्डही तीनच, सी, एफ आणि जी सेव्हन, म्हणजे ज्या तीन कॉर्डवर अर्धं मंडळ सहा वर्षं तग धरून होतं. पान तयार झालं. पण लगेच आपलंच गाणं पुढे करणं त्याला बरं दिसेना. ते रीतसर निवडलं जायला हवं होतं, लोकांनी हवं म्हटलेलं. आपणच आपल्या गळ्यात हार घालून घ्यायचा नाही, एवढं तत्त्व त्याला होतं.

नोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, हे सगळं भांडी पुसता पुसता ऐकून घेतलं. तीही मंडळात होती, मागच्या रांगेत बसायची आणि बिनचूक वाजवायची, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे.

"अरे, ते राहू दे ना घरातच," ती म्हणाली.

"घरात ऐकतं कोण?"

"मी ऐकते की. अडतीस वर्षं ऐकतेय. न्हाणीघराच्या दारातून."

मर्वने हा टोमणा समजून सोडून दिला.

पहिल्या मंगळवारी त्याने आपल्या मनाने बारा गाणी वाचली. चौथ्या गाण्याला डॉटने युकुलेले मांडीवर आडवं ठेवलं. डॉट ही मंडळातली सगळ्यात उंच आवाजाची बाई. ती वरचा सूर लावायची तेव्हा क्लबाच्या बारमधले लोक ग्लास हाताने धरून ठेवायचे. या गाण्यात बी फ्लॅट कॉर्ड आहे आणि बी फ्लॅटला आपलं बोट वळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असताना मुद्दाम हे गाणं घेतलं, असं तिचं म्हणणं पडलं. सातव्या गाण्याला डेस म्हणाला की हे फारच आनंदी आहे. डेस हा निवृत्त पोलीस हवालदार. त्याला कुठलंच गाणं आवडत नसे. तो दर मंगळवारी येई तो बहुतेक लक्ष ठेवायला. आठवं त्याला फार रडकं वाटलं. मग इतरांनाही तोंड फुटलं. एनिडबाईंसमोर सहा वर्षं गिळलेलं सगळं त्या एका सकाळी बाहेर आलं, आणि चहाला केकचा तुकडासुद्धा मर्वच्या वाट्याला आला नाही.

दुसऱ्या मंगळवारी त्याने तक्ते वाटले. प्रत्येक गाण्याला एक ते पाच गुण द्यायचे. लोकांनी आपापल्या आवडत्या गाण्याला पाच दिले आणि शेजाऱ्याच्या आवडत्याला शून्य. शून्य तक्त्यात नव्हतंच, ते त्यांनी पेनाने वाढवून घेतलं. सरासरी काढली तर सगळी गाणी अडीचच्या आसपास आली. मर्वने तीन दिवस बेरजा तपासल्या. बेरजा बरोबर होत्या, हेच वाईट होतं.

असा तो शनिवारी अंगणात पाइप धरून उभा असताना कुंपणापलीकडून कॉन बोलला. कॉन म्हणजे शेजारी; पस्तीस वर्षं तळलेल्या माशांचं दुकान चालवून आता घरी बसून टोमॅटो आणि सल्ले पिकवायचा. मंडळात तो नव्हता, त्यामुळे त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं.

"तू उलटा चाललायस, मर्व. लोकांना आवडतं काय ते विचारू नकोस. आवडत नाही काय ते विचार," कॉन म्हणाला. "ते माणसाला झोपेतही सांगता येतं. नावडतं खोडून टाक, जे उरेल ते कुणालाच नावडत नाही. भांडण मिटलं."

मर्वने पाइप खाली टाकला. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये याचं त्याला वैषम्य वाटलं, पण फार वेळ नाही. पुलाचं गाणं तर मंडळात बाकी कुणी ऐकलंच नव्हतं, तेव्हा ते नावडण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने फाईलमधल्या सगळ्या गाण्यांची यादी छापली. पानाच्या पुढच्या बाजूला दोन रकाने, ब्याऐंशी नावं, त्यांच्या शेवटी वडिलांचा पूल. तीन नावं उरली ती मागच्या बाजूला गेली. प्रत्येकाने नावडती गाणी, जास्तीत जास्त बारा, मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायची. नाव लिहायचं नाही. एकदाही खोडलं गेलेलं गाणं वाजवायचं नाही. हा शेवटचा नियम मर्वने यादीच्या डोक्यावर ठळक छापला, खाली रेघ मारली, आणि स्वतःची सही केली. ती सही पुढे त्याला फार महागात पडली.

तिसऱ्या मंगळवारी कुणी एक सूरही वाजवला नाही. चौदा माणसं क्लबाची चौदा सारखी पेनं घेऊन, हाताचा आडोसा करून लिहीत होती. एवढी एकाग्रता त्या खोलीत पूर्वी कधी दिसली नव्हती. काही जणांनी तर बारा संपल्यावर आणखी चार खोडायला मिळतील का, असंही विचारून पाहिलं.

बुधवारी सकाळी मर्वने स्वयंपाकघरातल्या टेबलावर डबा उपडा केला. बी फ्लॅटची सगळी गाणी डॉटच्या एका चिठ्ठीत गारद झाली होती, आणि डॉट ज्यात वरचा सूर लावते ते गाणं नऊ जणांनी मारलं होतं. जो तो शेजाऱ्यावर सूड उगवून मोकळा झाला होता. अकरा वाजेपर्यंत पंचावन्न गाणी गेली, बारा वाजेपर्यंत सत्तर. शेवटी दोन चिठ्ठ्या उरल्या तेव्हा पानावर एकच गाणं जिवंत होतं. वरांगाचा पूल.

मर्वने खुर्ची टेबलाजवळ ओढली. त्याने शेवटून दुसरी उघडली. त्यात मेलेलीच गाणी पुन्हा मारली होती. शेवटची उघडली. त्यावर बारा नावं नव्हती, एकच नाव होतं. पूल.

मर्वने ते नाव पुन्हा एकदा वाचलं. बाराचा अधिकार हातात असताना एका माणसाने अकरा जागा मोकळ्या सोडल्या होत्या आणि नेमका त्याच्या बापाच्या गाण्यावर घाव घातला होता. नऊ जणांनी मारलं असतं तरी चाललं असतं, तो रागच झाला असता. हे रागाने केलेलं दिसत नव्हतं. त्याला इतकं वाईट वाटलं की त्याने चिठ्ठी नीट घडी करून पाकिटात ठेवली, जसा लोक दाताच्या डॉक्टरांचा कागद ठेवतात.

"हा डेस आहे," तो म्हणाला.

नोरीन टोस्टला लोणी लावत होती. "कशावरून?" तिने विचारलं.

"इतकं थंडपणे दुसरं कोण करेल?"

"असेल कुणीतरी. विचार करून खोडलं असेल," ती म्हणाली, आणि टोस्टची बशी त्याच्यासमोर सरकवली.

आता प्रश्न उरला की वाजवायचं काय. पान तर साफ झालं होतं. मर्वने कागद टाकून द्यायला उचलला, तो हातात उलटला आणि मागची तीन नावं दिसली. त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. लावणार कसा? टॅलोवनच्या युकुलेले मंडळातलं एकही माणूस पान उलटत नाही. ती तीन गाणी सर्वांच्या संमतीने, एकही विरोध न होता, निवडून आली होती. तिन्ही नाताळची होती.

जून संपत आला होता. आमचं गाव दक्षिण गोलार्धातलं, म्हणजे ही ऐन थंडी; सकाळी गवतावर हिमाचा थर असायचा आणि डिसेंबर अजून अर्धं वर्ष लांब होता. पण नियमाखाली सही मर्वची होती.

त्यात क्लबाचा स्वतःचा एक नियम होता. पुढच्या महिन्यात क्लबात जे काही वाजवलं जाणार त्याची यादी महिनाअखेरच्या शुक्रवारी क्लब सांभाळणाऱ्या ट्रिशकडे द्यायची. गाण्याचं नाव, रचणाऱ्याचं नाव, रचणाऱ्याचा पत्ता. यादीबाहेरचं एक अक्षर वाजलं तर गाण्यांचे हक्क सांभाळणारं वरचं कुणीतरी पत्र पाठवतं, असं ट्रिश सांगायची. ते पत्र कुणी पाहिलं नव्हतं, पण सगळे त्याला भिऊन होते. एनिडबाई नेहमी संपूर्ण फाईलचीच यादी द्यायच्या. मर्वला हे सुचलं नाही. त्याने प्रामाणिकपणे तीन नावं लिहिली, रचणाऱ्याच्या रकान्यात दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांची नावं टाकली, पत्त्याच्या जागी रेघ मारली, आणि ट्रिश काही विचारायच्या आत तिथून निघाला. सोमवारी जाऊन समजावून सांगू, असं त्याने ठरवलं.

सोमवारी क्लबाच्या दारावर हिरवा-लाल कागद लागलेला होता. जुलैतला नाताळ, दर मंगळवारी, टर्कीचं जेवण, सोबत युकुलेले. खाली लहान अक्षरांत, कल्पना मर्व ट्रँटर.

जुलैतला नाताळ आमच्याकडे काही नवा नाही. खरा नाताळ येतो तो घामाच्या धारा लागलेल्या उन्हात, तेव्हा गरम टर्की आणि पुडिंग कुणाच्याच घशाखाली उतरत नाही. म्हणून काही हौशी लोक थंडीत तो पुन्हा करून घेतात. टॅलोवनमध्ये मात्र एवढी हौस आजवर कुणी केली नव्हती. मर्व आत गेला तो सगळं रद्द करायलाच. पण ट्रिशने काउंटर ओलांडून त्याचे दोन्ही हात धरले. बासष्ट जणांनी नावं दिली होती, शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमाने बस ठरवली होती, अकरा टर्की फ्रीजरमध्ये येऊन पडल्या होत्या.

"मर्व, इतका पुढचा विचार करणारा माणूस या क्लबात आधी का आला नाही, तेच मला कळत नाही," ट्रिश म्हणाली.

सदतीस वर्षांच्या नोकरीत मर्वशी असं कुणी बोललं नव्हतं. तो रद्द करायला गेला होता, आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात नाताळबाबाचा लाल पोशाख होता.

मंडळाला हे सांगायची वेळ आली तेव्हा त्याने सरळ चिठ्ठ्यांचा हिशोब वाचून दाखवला. ही तुमचीच निवड आहे, तो म्हणाला. यात माझा शब्दही नाही. बारा लोक त्याच्याकडे बघत राहिले, आणि नोरीन स्वतःच्या बुटांकडे.

जुलैच्या पहिल्या मंगळवारी कागदी टोप्या घातलेली बासष्ट माणसं खोलीत बसली आणि मंडळाने आयुष्यातला पहिला जाहीर कार्यक्रम सुरू केला. तीन गाणी अकरा मिनिटांत संपली. जेवण दोन तासांचं होतं. ट्रिशने लांबून हाताने गोल गोल खूण केली, चालू ठेवा म्हणून. त्यांनी पुन्हा वाजवली, मग पुन्हा. आठव्या फेरीला वृद्धाश्रमातल्या एका आजोबांनी मोठ्याने विचारलं की ही रेकॉर्ड अडकली आहे का. नाताळबाबाच्या पोशाखात मर्वला हीटर सोसेना. दाढी सारखी तारांमध्ये अडकायची आणि प्रत्येक एफ कॉर्डबरोबर चार केस उपटून यायचे. तेवढ्यात त्याने पाहिलं, डेस अजिबात न हसता, एक सूर न चुकवता वाजवत होता. खुन्याची शांती, मर्वच्या मनात आलं.

दुसऱ्या मंगळवारी सत्तर लोक आले. तिसऱ्या मंगळवारी दुसरी बस आली. मर्व रस्त्यातून चालला की ओळखीचे लोक घंटी वाजवल्यासारखा हात हलवायचे. कॉन रोज कुंपणावरून विचारायचा, की मी सांगितलं तसं केलंस ना, मग आता तोंड का पाडलंयस? आणि घरी नोरीन त्या लाल विजारीची नाडी शिवत बसलेली असायची. तिने एकदाही त्याला चिडवलं नाही. मर्वला त्याचं नवल वाटायला हवं होतं.

चौथ्या मंगळवारपर्यंत मंडळ जेरीला आलं. खोडलेल्या एक्याऐंशी गाण्यांची नावं लोक आता जुन्या मित्रांच्या नावांसारखी घेत होते. त्या दिवशी अडीच वाजता शेवटची बस गेली, ट्रिश मागे बशा गोळा करू लागली, आणि एनिडबाई काठी टेकत आत आल्या. त्या नुसत्या बघायला आल्या होत्या. त्यांना पाहून डॉटचा बांध फुटला.

"मर्व, मी माझी चिठ्ठी मागे घेते. सगळी. बी फ्लॅटसकट," ती म्हणाली. "बोट मोडलं तरी चालेल, पण उद्यापासून घंटा नकोत आणि बर्फ नको."

मग एकेक जण उठला. मीही मागे घेतो, मीही घेते. मर्वने यादी काढली आणि एकेका गाण्यावरची काट पुसत गेला. जे आजवर एकमेकांची गाणी मारत होते ते आता, घे बाबा, तुझं वाजवू, म्हणून एकमेकांना ती परत देत होते. पान भरत गेलं. शेवटी एकच काट उरली, आणि तिच्यावर कुणी काही बोलेना.

मर्वने पाकिटातून चिठ्ठी काढली. चार आठवडे टर्कीच्या वाफेत ती मऊ झाली होती. लाल पोशाख अजून अंगावर होता, दाढी हनुवटीखाली ओढलेली होती. अशा अवतारात माणसाने कुणावर आरोप करू नये, पण त्याला तेव्हा भान नव्हतं.

"डेस, हीपण मागे घे. किंवा निदान सगळ्यांसमोर कबूल कर," तो म्हणाला. "माझ्या बापाने तुझं काय वाकडं केलं होतं?"

डेसने शांतपणे कोटाच्या खिशातून एक वही काढली आणि उघडून मर्वच्या पुढे धरली. तारीख, वेळ, आणि त्याखाली डेसने खोडलेली बारा गाणी, प्रत्येकापुढे कारण. पुलाचं नाव त्यात कुठेच नव्हतं. बाराव्या ओळीच्या खाली डेसने लिहिलं होतं: पूल हे गाणं माहीत नाही, ऐकल्यावर ठरवणे.

मर्वला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो काहीतरी पुटपुटला. कुणी मदत करेना. तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला.

"ती चिठ्ठी माझी आहे," नोरीन म्हणाली.

ट्रिशने हातातल्या बशा खाली ठेवल्या. मर्व वळला. त्याला आधी राग आला की दुखलं, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही.

"तू? अगं, तू?"

"मी. दुसऱ्या कुणी मारायच्या आत."

"पण का?"

नोरीनने युकुलेले खुर्चीवर ठेवलं. "लग्नात तू नवव्या कडव्याला थांबलास. सगळ्यांना वाटलं विसरलास. वडिलांना पोचवताना चर्चमध्ये म्हटलंस, तेव्हाही नवव्यालाच. अरे, न्हाणीघरातसुद्धा नववं आलं की तू नळ बंद करतोस. मी कधी विचारलं नाही असं नाही. दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तू झाडांना पाणी घालायला बाहेर गेलास. मला त्याचं काही नाही. मी बायको आहे, मला चालतं. पण इथे, या सगळ्यांसमोर तू मध्येच थांबलास, आणि कुणीतरी हसलं, तर मला ते बघवलं नसतं."

मर्वने हनुवटीखालची दाढी काढून ठेवली. ते खरं होतं. नवव्या कडव्यात सुतार पुलाच्या एका फळीवर आपलं नाव कोरतो. वरच्या अंगाला नाही, खालच्या, म्हणजे फक्त पाण्याला दिसेल असं. ते नाव मर्वच्या वडिलांचं होतं. तिथवर आलं की त्याला ते नाव उच्चारता यायचं नाही.

एनिडबाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि सावकाश खुर्चीत बसल्या. "कॉर्ड किती?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"एका पानात बसतं?"

"धृपद बसतं. कडवी मी म्हणेन."

"नोरीन, चिठ्ठी तुझी. तू मागे घेतल्याशिवाय वाजवता येणार नाही. नियमाखाली याने सही केली आहे."

नोरीनने मर्वकडे बघितलं. मग ती उठून पुढे आली, त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि स्वतःच्या स्वेटरच्या खिशात टाकली. "घेतली," ती म्हणाली, आणि जाऊन जागेवर बसली.

ट्रिश बशांची ट्रॉली सोडून तिचा तो कागद घेऊन आली होती. तिने रचणाऱ्याचं नाव विचारलं, मर्वने सांगितलं. तिने पत्ता विचारला.

"गावची दफनभूमी. तिसरी रांग."

ट्रिशने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग त्यांनी सुरू केलं. पहिलं कडवं, पूर, पूल गेला. धृपदाला बारा-तेरा गळे एकदम लागले तेव्हा मर्वच्या अंगावर काटा आला, कारण ते गाणं इतक्या माणसांच्या तोंडून त्याने कधी ऐकलंच नव्हतं. दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला डॉटने वरचा सूर लावला आणि तोही त्याला चालला. सातव्याला डेसचा पाय ठेका धरताना दिसला. आठव्याला मर्व मनातल्या मनात घाई करायला लागला, की या वेगात नववं नकळत निघून जाईल.

नववं आलं. सुताराने पटाशी काढली, फळी उलटी केली, आणि मर्वचा आवाज गेला. तो युकुलेले धरून नुसता उभा राहिला, लाल पोशाखात, तोंड उघडं.

हसलं कुणी नाही. आणि थांबलंही कुणी नाही. सी, एफ, जी सेव्हन, पुन्हा सी. तेरा जणांनी तेच तीन कॉर्ड वाजवायला घेतले, फक्त जरा हळू. एक फेरी झाली, दुसरी झाली. मर्वकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्यांनी डोळे कागदावर ठेवले होते, जणू कागदावर अजून बरंच काही लिहिलेलं आहे. नोरीनही खाली मान घालून वाजवत होती. चौथी फेरी झाली, पाचवी झाली.

सातव्या फेरीला मर्वने वडिलांचं नाव उच्चारलं. ते गाऊन झालं नाही, नुसतं बोलून झालं, पण कॉर्डवर नीट बसलं. मग त्याने नाक पुसलं आणि दहावं कडवं उचललं. दहाव्यात सगळ्यात मोठा पूर येतो, तो त्याने चांगला खड्या आवाजात म्हटला. मग अकरावं.

अकराव्या कडव्यात पूल वाहून जात नाही. पाणी ओसरतं, आणि पूल तिथेच उभा असतो. अडतीस वर्षं संसार करून नोरीनला हे त्या मंगळवारी कळलं.